विश्लेषण : शहर वाचवायला निघालेले व्हिक्टर ग्रुएन ‘मॉलचे जनक’ कसे ठरले?

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराची उत्तरेकडची हद्द ‘एट माइल रोड’ या रस्त्यावर संपते. रस्ता ओलांडला की साउथफिल्ड हे उपनगर लागते. तिथे २२ मार्च १९५४ रोजी ‘नॉर्थलँड सेंटर’ नावाचा एक बाजार सुरू झाला. वर छप्पर नव्हते. मधोमध एक मोठे दुकान, भोवती बुटक्या इमारतींमध्ये लहान दुकाने, त्यांच्यामध्ये चौक, कारंजी, फुलझाडे आणि शिल्पे. मोटारी सगळ्या बाहेर उभ्या. त्या वेळी हे जगातले सर्वात मोठे शॉपिंग सेंटर होते आणि ते उभारायला सुमारे तीन कोटी डॉलर खर्च आला होता. २०१५ मध्ये ते बंद पडले, तेव्हा साउथफिल्ड शहराने ते अवघ्या २४ लाख डॉलरना विकत घेतले.

या बाजाराचा आराखडा करणारे वास्तुविशारद होते व्हिक्टर ग्रुएन. अमेरिकी मॉलचे जनक म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. त्यांना स्वतःला मात्र ही ओळख शेवटी इतकी नकोशी झाली, की त्यांनी ती जाहीरपणे झटकली.

कोण होते ग्रुएन?

जन्म १८ जुलै १९०३, व्हिएन्ना. मूळ नाव व्हिक्टर डेव्हिड ग्रुनबाउम. घर मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबाचे, वडील वकील. मुलाचे बालपण शहराच्या ऐन मध्यवर्ती भागात गेले. घराबाहेर पाऊल टाकले की कॉफीगृहे, नाट्यगृहे, दुकाने आणि ओळखीची माणसे, सगळे पायी चालण्याच्या अंतरावर. पुढे आयुष्यभर शहर म्हणजे काय, याचे त्यांचे उत्तर याच काही गल्ल्यांमधून येत राहिले.

१९१८ मध्ये वडील वारले. वास्तुकलेचे शिक्षण घेत असतानाच त्यांना नोकरी धरावी लागली. दिवसा बांधकामाचे आराखडे आणि रात्री राजकीय प्रहसने, असा त्यांचा तरुणपणीचा क्रम होता. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाची महापालिका समाजवाद्यांच्या ताब्यात होती. कामगारांसाठी मोठाल्या वसाहती तिथे बांधल्या जात होत्या. ग्रुएन त्याच विचारांचे होते आणि त्या चळवळीच्या रंगमंचावर लिहीत, अभिनय करीत. हिटलरवर तोंडसुख घेणाऱ्या त्या प्रहसनांमुळे ते नाझींच्या डोळ्यांवर येणे अटळ होते. पोटापाण्यासाठी त्यांनी दुकानांच्या दर्शनी भागाची नवी रचना करून देण्याचे काम सुरू केले. लहान जागेत गिऱ्हाईक कसे थांबवायचे, हे कसब त्यांनी तिथेच कमावले.

मार्च १९३८ मध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. ज्यू आणि वर समाजवादी, म्हणजे ग्रुएन यांना तिथे थांबणे शक्यच नव्हते. एका मित्राने नाझी सैनिकाचा गणवेश घालून त्यांना आणि त्यांच्या पत्नीला मोटारीतून विमानतळापर्यंत पोहोचवले, अशी हकिकत सांगितली जाते. झुरिक, मग इंग्लंड आणि तिथून जहाजाने न्यूयॉर्क. अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा खिशात आठ डॉलर होते आणि इंग्रजी येत नव्हते.

दुकानांपासून शहरापर्यंत कसे पोहोचले?

न्यूयॉर्कमध्ये पहिली धडपड नाटकाचीच झाली. व्हिएन्नाहून निसटून आलेल्या कलाकारांना जमवून त्यांनी एक मंडळी उभी केली आणि १९३९ मध्ये तिचा कार्यक्रम थेट ब्रॉडवेवर झाला. त्याच वर्षी एका जुन्या ओळखीच्या दुकानदाराने त्यांना फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या ‘लेडरर’ या चामडी वस्तूंच्या दुकानाचे काम दिले. ग्रुएन यांनी दुकानाचे दार फुटपाथपासून आत ओढून घेतले आणि मधल्या मोकळ्या जागेत काचेच्या पेट्या मांडल्या. रस्त्याने जाणारा माणूस सहज त्या ओट्यासारख्या जागेत शिरतो, वस्तू न्याहाळतो आणि आपण दुकानात केव्हा आलो हे त्याला कळतही नाही. मंदीतून नुकत्याच सावरणाऱ्या व्यापाऱ्यांना ही युक्ती भलतीच आवडली.

कामे मिळू लागली. रचनाकार एल्सी क्रुमेक या आधी व्यवसायातील भागीदार आणि मग दुसऱ्या पत्नी झाल्या. दोघे लॉस एंजलिसला गेले. कपड्यांच्या दुकानांच्या एका साखळीसाठी त्यांनी भडक, झगमगीत दर्शनी भाग उभारले. लांबून, धावत्या मोटारीतून दिसतील असे. याच काळात ग्रुनबाउमचे ग्रुएन झाले.

इथे एक विसंगती नोंदवायला हवी. पायी चालणाऱ्यांच्या शहरावर प्रेम करणारा हा माणूस अमेरिकेत मोटारवाल्यांसाठी दुकाने बांधून मोठा झाला. १९४९ मध्ये लॉस एंजलिसजवळ त्यांनी बांधलेल्या ‘मिलिरॉन्स’ या मोठ्या दुकानाच्या गच्चीवरच पार्किंग होते. गाडी थेट छपरावर चढवायची आणि जिन्याने खाली उतरून खरेदी करायची.

दुसरीकडे ते वेगळेच काही मांडत होते. युद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, ‘आर्किटेक्चरल फोरम’ या मासिकाने युद्धानंतरचे शहर कसे असावे, याचे आराखडे वास्तुविशारदांकडून मागवले. ग्रुएन आणि क्रुमेक यांनी वस्तीसाठी एक बाजार सुचवला. मोटारी बाहेर, माणसे आत, मध्ये बाग आणि दुकानांच्या जोडीला इतर सोयी. कल्पना फारच मोठी आहे, ती जरा आवरा, असे संपादकांनी कळवले. नॉर्थलँडचे बी तिथे पडले होते.

उपनगरांत बाजार का नव्हता?

उपनगर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दादर-बोरिवली येते. रेल्वे स्टेशन, स्टेशनबाहेर भाजीवाले, दोन पावलांवर किराणा. युद्धोत्तर अमेरिकेतील उपनगर याच्या अगदी उलट होते. मैलोन् मैल एकसारखी बैठी घरे, प्रत्येकापुढे हिरवळ आणि मोटार. घरांच्या भागात दुकानाला नियमानेच बंदी. दूध आणायचे तरी गाडी काढावी लागे.

हे आपोआप घडले नव्हते. सरकारी हमीमुळे घरासाठी स्वस्त कर्ज मिळत होते, पण ते मुख्यतः नव्या उपनगरांतील घरांना आणि मुख्यतः गोऱ्या कुटुंबांना. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने धोक्याच्या ठरवल्या जात आणि तिथे कर्ज नाकारले जाई. डेट्रॉइटमध्ये ‘एट माइल रोड’ ही नुसती महापालिकेची हद्द राहिली नाही, ती वर्णाचीही सीमारेषा झाली. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती. त्यानंतर ती घटतच गेली आणि २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजारांवर आली.

जी कुटुंबे बाहेर गेली, त्यांच्यामागे व्यापारही जाणार होता. प्रश्न इतकाच होता की कसा. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा, पाट्यांची गर्दी आणि वाहतुकीचा गोंधळ, हे चित्र ठिकठिकाणी दिसू लागले होते. ग्रुएन यांना त्याची शिसारी येई. दुकाने एका जागी नीट बांधावीत, हा विचार एकट्या ग्रुएन यांचा नव्हता. कॅन्सस सिटीत ‘कंट्री क्लब प्लाझा’ १९२० च्या दशकातच उभा राहिला होता. सिएटलमध्ये १९५० ला ‘नॉर्थगेट’ सुरू झाले, तर बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅममध्ये १९५१ ला ‘शॉपर्स वर्ल्ड’. सगळे उघड्यावरचे, मध्ये चालण्याची जागा असलेले बाजार. त्यांतल्या ‘शॉपर्स वर्ल्ड’च्या मालकांचे तर काही वर्षांतच दिवाळे निघाले. त्यामुळे डेट्रॉइटचे व्यापारी सावध होते.

नॉर्थलँड कसे घडले?

डेट्रॉइटच्या मध्यभागी ‘जे. एल. हडसन’ हे प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर होते. सुमारे २१ लाख चौरस फुटांचे. कपड्यांपासून फर्निचरपर्यंत सगळे एका इमारतीत मिळे. १९४८ मध्ये ग्रुएन यांना प्रवासात डेट्रॉइटला थांबावे लागले. हडसनमध्ये फेरफटका मारून त्यांनी उपनगरांचा रस्ता धरला. गिऱ्हाईक दूर चालले आहे, हे त्यांनी पाहिले आणि हडसनचे प्रमुख ऑस्कर वेबर यांच्यापर्यंत आपले म्हणणे पोहोचवले. वेबर तसे जुन्या वळणाचे, शहराबाहेर शाखा काढायला नाखूश. त्यांना पटवताना ग्रुएन यांनी शहररचनेचे आदर्श सांगितले असतील, पण निर्णायक ठरला तो हिशेब. हडसनने स्वतःच जमीन घेऊन बाजार उभारला, तर गिऱ्हाईकही हातात राहील आणि आजूबाजूला काय बांधले जाते यावरही ताबा राहील. अखेर शहराच्या चार दिशांना चार केंद्रे असा बेत ठरला. पहिले काम पूर्वेकडच्या ‘ईस्टलँड’चे व्हायचे होते, पण कोरियन युद्धामुळे बांधकाम साहित्यावर निर्बंध आले. शेवटी ‘नॉर्थलँड’ आधी झाले.

आराखड्यात ग्रुएन यांनी जीव ओतला. मधोमध हडसनची मोठी इमारत. तिच्याभोवती पवनचक्कीच्या पात्यांसारख्या मांडलेल्या बुटक्या इमारती. बाहेरच्या दुकानांना वळसा घातल्याशिवाय हडसनपर्यंत पोहोचताच येऊ नये, अशी योजना. म्हणजे मोठ्या दुकानाच्या गिऱ्हाइकावर लहान दुकानेही जगतील. चालताना ऊन-पाऊस लागू नये म्हणून इमारतींच्या कडेने छत असलेल्या वाटा. मालाचे ट्रक जमिनीखालच्या बोगद्यातून येत, त्यामुळे वरच्या चौकात त्यांचा आवाजही नाही. शिल्पकारांकडून मुद्दाम शिल्पे करून घेतली. त्यांपैकी मार्शल फ्रेडरिक्स यांचे ‘मुलगा आणि अस्वल’ मुलांचे फार लाडके झाले. बँक, पोस्ट ऑफिस, सभागृह अशा सोयी होत्या. माणसे काही विकत न घेता बाकावर बसून राहिली तरी चालेल, नव्हे तशी बसावीतच, असा हा हिशेब होता.

आणि ती बसलीही. नॉर्थलँड पहिल्या दिवसापासून चालले. वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी त्याची वाखाणणी केली आणि गावोगावचे व्यापारी ते पाहायला आले. उघड्यावरच्या उपनगरी बाजाराचा हा सुवर्णकाळ होता. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत अशी केंद्रे झपाट्याने उभी राहिली आणि ग्रुएन यांच्या कार्यालयात मागणीचा ढीग लागला.

छप्पर कुठून आले?

मिनेसोटा राज्यात हिवाळा कडक असतो आणि उन्हाळाही सुखाचा नसतो. मिनीआपोलिसच्या ‘डेटन’ या डिपार्टमेंट स्टोअरने इडायना उपनगरात केंद्र बांधायचे ठरवले, तेव्हा ग्रुएन यांनी हवामानाचा हिशेब मांडला. वर्षातले जेमतेम १२६ दिवस उघड्यावर फिरून खरेदी करण्याजोगे. यावर त्यांचा तोडगा म्हणजे ‘साउथडेल’. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी ते सुरू झाले. दोन मजले, ७२ दुकाने, मध्ये वरून उजेड येणारा भव्य चौक, झाडे, उंच पिंजऱ्यात पक्षी आणि बाराही महिने सुमारे २४ अंश तापमान. सगळे बंदिस्त. मिलान शहरातील काचेच्या छताखालचा जुना बाजार त्यांच्या डोळ्यांपुढे होता. पहिल्याच दिवशी सुमारे ७५ हजार लोक आले. त्याच वर्षी भेट द्यायला आलेले ज्येष्ठ वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी मात्र त्यावर सडकून टीका केली. गावातल्या रस्त्याचे सगळे दोष इथे आहेत, गोडवा तेवढा नाही, असा त्यांचा रोख होता.

साउथडेलमुळे मालकांना एक गोष्ट कळली. बंदिस्त इमारतीत दुकानाला बाहेरची भिंत आणि दार लागत नाही, जागा कमी लागते आणि दोन मजले असल्याने चालणेही कमी. शिवाय आत आलेला माणूस हवामानाकडे, घड्याळाकडे न बघता रेंगाळतो. पुढे बाजारतज्ज्ञांनी या अवस्थेला ग्रुएन यांचेच नाव दिले. ठरावीक वस्तू घ्यायला आलेला माणूस वातावरणाने भारावून जातो, मूळ काम विसरतो आणि नुसता हिंडत खरेदी करू लागतो, तो क्षण म्हणजे ‘ग्रुएन ट्रान्सफर’. ग्रुएन यांनी अशा भुलवण्याचे समर्थन कधी केले नाही. तरीही फिफ्थ अॅव्हेन्यूच्या त्या दुकानापुढचा मोकळा ओटा आठवला, तर हे नाव अगदीच अनाठायी वाटत नाही.

खरा आराखडा कुठे हरवला?

साउथडेलची डेटन यांची जमीन ४६३ एकर होती. ग्रुएन यांच्या कागदावर तिथे बाजार हा एक तुकडा होता. बाकी घरे, कार्यालये, दवाखाने, शाळा, बाग आणि तळे. म्हणजे एक आखीव गाव आणि त्याचा चौक म्हणून साउथडेल. प्रत्यक्षात बाजार उभा राहताच भोवतालच्या जमिनीचे भाव चढले. मालकांनी ते हिशेबात घेतले आणि तुकडे विकले जाऊ लागले. ठरवलेले गाव झाले नाही. बाजाराभोवती उरले ते डांबराचे पार्किंग.

हेच सगळीकडे घडले. नफा देणारा भाग तेवढा उचलायचा आणि खर्चाचा भाग गाळायचा. शिल्पे, बागा, सभागृहे, पोस्ट ऑफिसे पहिल्यांदा गेली. त्याला सरकारी धोरणाचीही जोड मिळाली. १९५४ च्या करकायद्याने नव्या व्यापारी इमारतींवर घसारा भराभर दाखवण्याची मुभा दिली. इमारतीची किंमत चाळीसेक वर्षांत समान हप्त्यांनी कमी दाखवण्याऐवजी पहिल्या काही वर्षांतच त्यातला मोठा वाटा वजा करता येई. त्यामुळे प्रत्यक्षात कमाई होत असूनही कागदावर तोटा दिसे आणि कर वाचे. सवलत संपत आली की इमारत विकून दुसरी बांधायची. जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा शहराबाहेरच्या शेतात नवी बांधणे फायद्याचे ठरले. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, ४१ हजार मैल महामार्गांचा कायदा झाला आणि त्या शेतांपर्यंत रस्तेही पोहोचले. गरज असो वा नसो, मॉल उभे राहू लागले. एकट्या ग्रुएन यांना श्रेय किंवा दोष देणाऱ्यांनी ही करवजावट विसरू नये.

डेट्रॉइटच्या पश्चिमेला १९६५ मध्ये हडसनचे ‘वेस्टलँड’ सुरू झाले. तिथल्या वस्तीने पुढच्याच वर्षी स्वतंत्र शहराचा दर्जा मिळवला आणि मॉलचे नाव घेतले. वेस्टलँड हे शहर आजही त्याच नावाने आहे. मॉलभोवती शहर वसावे, हे ग्रुएन यांचे स्वप्न निदान पाटीवर तरी खरे झाले!

जुन्या शहरांसाठी त्यांनी काय केले?

उपनगरी बाजारांनी जुन्या शहरांचे काळीज पोखरले जात आहे, हे ग्रुएन यांना लवकर दिसले. मग त्यांनी आपलेच औषध उलट्या बाजूने लावायचे ठरवले. १९५६ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ शहराच्या मध्यभागासाठी त्यांनी आराखडा दिला. भोवती वर्तुळाकार रस्ता, त्याला लागून ६० हजार मोटारी मावतील अशी बहुमजली पार्किंग, मालवाहतूक जमिनीखाली आणि आतला सगळा भाग फक्त चालणाऱ्यांचा. शहररचनेच्या अभ्यासक जेन जेकब्स यांच्यासारख्या परखड लेखिकेलाही तो भावला. पण खासगी पार्किंगवाल्यांचा विरोध होता आणि लागणारे कायदे राज्याच्या विधिमंडळात मंजूर झाले नाहीत. आराखडा कागदावर राहिला.

मिशिगनमधील कॅलमझू शहरात त्यांच्या आराखड्याचा एक तुकडा प्रत्यक्षात आला. १९५९ मध्ये तिथल्या मुख्य रस्त्याचा काही भाग मोटारींना बंद करून पादचाऱ्यांसाठी खुला झाला. अमेरिकेतील हा अशा प्रकारचा पहिला प्रयोग मानला जातो. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोमध्ये १९६४ ला तसेच झाले. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टरमध्ये १९६२ ला त्यांनी शहराच्या मध्यभागीच बंदिस्त बाजार बांधला. सुरुवातीला कौतुक झाले. पण ज्या शहरातून लोकच उठून गेले होते, तिथला रस्ता नुसता फरसबंद करून गिऱ्हाईक परत येत नव्हते. फ्रेस्नोच्या रस्त्यावर २०१७ मध्ये मोटारी पुन्हा सुरू झाल्या. रोचेस्टरची इमारत तर पाडली गेली.

अर्थतज्ज्ञ लॅरी स्मिथ यांच्यासोबत १९६० मध्ये लिहिलेले ‘शॉपिंग टाउन्स यूएसए’ हे पुस्तक व्यापाऱ्यांसाठी होते, तर १९६४ चे ‘द हार्ट ऑफ अवर सिटीज’ शहरांसाठी. पहिले पुस्तक बांधकाम व्यावसायिकांनी वापरले. दुसरे वॉल्ट डिस्ने यांच्या संग्रही होते आणि त्यांनी योजलेल्या आदर्श नगरावर त्याचा प्रभाव दिसतो. साठच्या दशकात इराणच्या शाहांच्या राजवटीत तेहरानचा विकास आराखडाही ग्रुएन यांच्या कंपनीने स्थानिक वास्तुविशारदासोबत तयार केला. सारांश, कामाची, पैशाची आणि नावाची ददात नव्हती.

व्हिएन्नाला परतल्यावर काय दिसले?

१९६८ मध्ये ग्रुएन व्हिएन्नाला परतले. तीस वर्षांपूर्वी जीव मुठीत धरून सोडलेले शहर. तिथे त्यांनी पर्यावरण आणि नगररचनेचे काम हाती घेतले. जुन्या व्हिएन्नाच्या मध्यभागातून मोटारी कमी कराव्यात, यासाठी महापालिकेला अभ्यास करून दिला. सत्तरच्या दशकात कॅर्न्टनर स्ट्रासे हा तिथला मुख्य रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा झाला. अमेरिकेत जे जमले नाही, ते त्यांच्या स्वतःच्या गावात जमले. त्याचे एक कारण साधे आहे. व्हिएन्नाच्या मध्यभागी माणसे अजून राहत होती.

पण १९७६ मध्ये व्हिएन्नाच्या दक्षिणेला, शहराच्या हद्दीबाहेर, महामार्गालगत ‘शॉपिंग सिटी स्यूड’ सुरू झाले. पार्किंगने वेढलेला, अमेरिकी धाटणीचा अवाढव्य मॉल. ज्या लहान दुकानांमुळे व्हिएन्ना व्हिएन्ना होते, त्यांच्या गल्ल्यावर आता त्याचा भार पडणार होता. ग्रुएन यांनी जे बेचाळीस कल्पनांमध्ये मिसळून अमेरिकेला दिले होते, त्यातली एकच कल्पना सुटी होऊन त्यांच्या दारात आली होती.

१९७८ मध्ये लंडनमधील एका भाषणात त्यांनी शॉपिंग सेंटरची कहाणी दुःखद असल्याचे सांगितले. आपल्या कल्पनेची नासधूस करून जी केंद्रे बांधली गेली, त्यांचे पितृत्व आपल्याला मान्य नाही आणि त्यांच्या पोटगीचा एक पैसाही आपण देणार नाही, असा त्या भाषणाचा सूर होता. राग खरा होता. मात्र पूर्ण हात झटकणे त्यांना शक्य होते का, हा प्रश्न उरतो. व्यापाऱ्यांना पटवताना त्यांनी स्वतःच चौकाची, बाकांची आणि कारंज्यांची किंमत विक्रीच्या आकड्यांत मांडली होती. तेच आकडे बाकांशिवायही जमतात असे दिसल्यावर व्यापाऱ्यांनी बाके काढून टाकली. आणि नॉर्थलँडच्या सुंदर चौकात जायला दुसऱ्या कुणाची नव्हे, मोटारीचीच गरज होती. ज्याच्याकडे ती नव्हती, तो ‘एट माइल रोड’च्या अलीकडेच राहिला.

१४ फेब्रुवारी १९८० रोजी व्हिएन्नामध्ये ग्रुएन यांचे निधन झाले.

नॉर्थलँडचे पुढे काय झाले?

बंदिस्त मॉलशी स्पर्धा करता करता उघड्यावरचे बाजार मागे पडले. सत्तरच्या दशकाच्या मध्यात नॉर्थलँडच्या चौकांवरही छप्पर चढले आणि कारंजी, वाटा आत कोंडल्या गेल्या. तोवर आणखी दूरच्या उपनगरांत आणखी नवे मॉल येत होते. सुखवस्तू गिऱ्हाईक पुन्हा एकदा पुढे सरकले. पंचवीस वर्षांपूर्वी नॉर्थलँडने मध्य डेट्रॉइटचे जे केले, तेच आता नॉर्थलँडचे झाले.

मध्य शहरातील हडसनचे मूळ दुकान जानेवारी १९८३ मध्ये बंद पडले. रिकामी इमारत पंधरा वर्षे उभी होती. २४ ऑक्टोबर १९९८ रोजी ती स्फोटकांनी पाडण्यात आली. हडसन आणि डेटन या ग्रुएन यांच्या दोन मोठ्या आश्रयदात्या कंपन्या १९६९ मध्येच एकत्र आल्या होत्या. त्यांची खरी भरभराट झाली ती ‘टार्गेट’ या स्वस्त दुकानांच्या साखळीतून. हमरस्त्यालगतची चौकोनी पेटीसारखी इमारत आणि पुढ्यात पार्किंग. चौक नाही, कारंजे नाही. २००० सालापासून तर कंपनीचे नावच टार्गेट झाले.

नॉर्थलँडमधील हडसनच्या जागी आधी ‘मार्शल फील्ड्स’ आणि मग ‘मेसीज’ आले. २०१५ मध्ये तेही गेले आणि काही आठवड्यांतच पूर्ण मॉल बंद झाला. ईस्टलँडही त्यानंतर काही वर्षांनी बंद होऊन पाडले गेले. साउथडेल अजून चालू आहे आणि त्याच्या पार्किंगच्या जागेत अलीकडे राहत्या इमारती उभ्या राहिल्या आहेत.

साउथफिल्डमध्ये शहराने जागा ताब्यात घेतल्यावर मॉलचा बराचसा भाग पाडला. हडसनची जुनी इमारत राखून तिचे निवासी सदनिकांत रूपांतर करण्याचे आणि बाजूच्या मोकळ्या जागेत घरे, दुकाने आणि चालण्याच्या वाटा असलेली वस्ती उभारण्याचे काम एका विकासकाकडे सोपवण्यात आले. फ्रेडरिक्स यांचे ‘मुलगा आणि अस्वल’ मात्र तिथे नाही. ते शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हलवण्यात आले असून, तिथे ते पाहायला तिकीट लागत नाही.